समासातलं नाव

अपेक्षानं फाइल उघडली तेव्हा डाव्या समासात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, आणि ते तिचं नव्हतं. पहिल्या ओळीला योगीराज, दुसऱ्या ओळीला योगीराज, मधे सोडलेल्या कोऱ्या ओळीलाही योगीराज. तिनं पान खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं, सरकवतच राहिली. हे प्रकरण तिचं होतं. पुण्यातल्या ज्या कंपनीसाठी ती काम करायची ती डेटाबेसचं सॉफ्टवेअर बनवायची, म्हणजे दुकानांची, दवाखान्यांची, कॉलेजांची माहिती साठवून ठेवणारं. आणि ते कसं वापरायचं हे सांगणारं एक भलंमोठं पुस्तक इंटरनेटवर सगळ्या जगासाठी मोकळं ठेवलेलं होतं. त्यातलं बॅकअपचं प्रकरण, साठवलेल्याची दुसरी प्रत कशी काढून ठेवायची आणि मूळ बिघडलं तर त्या प्रतीवरून सगळं परत कसं उभं करायचं हे सांगणारं, तिनं परभणीत, कारेगाव रोडवरच्या या घरात, या खिडकीपाशी, मागच्या दोन वर्षांत लिहिलं होतं. पुस्तकाच्या मूळ फाइली उघडल्या की प्रत्येक ओळीशेजारी समासात एक नाव दिसतं. त्या ओळीला शेवटचा हात ज्याचा लागला त्याचं नाव. कालपरवापर्यंत ते तिचंच असणार असं ती धरून चालली होती, आणि जे धरून चालतो ते माणूस उघडून बघत नाही.

आजही बघितलं नसतं. पण सकाळीच योगीराजनं, पुस्तकाच्या कामातल्या तिच्या पुण्याच्या सहकाऱ्यानं, एक तक्रार तिच्याकडे ढकलली होती. कुठल्याशा दवाखान्यातल्या माणसानं लिहिलं होतं की तुमच्या प्रकरणातलं परत उभं करण्याचं उदाहरण जसंच्या तसं उतरवून घेतलं तरी चालत नाही, आमची नोंदणी सकाळपासून बंद आहे, कृपया लवकर सांगा. तक्रारी वाटून देणारं यंत्र समासातलं नाव बघतं, म्हणून ती आधी योगीराजकडे गेली, आणि योगीराजनं वर दोन वाक्यं लिहून ती इकडे पाठवली. हे तुझं ना? बघ जरा पटकन. ती दोन वाक्यं तिनं तेव्हा सरळपणानं वाचली होती. आता समास बघितल्यावर परत वाचली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. ओळी त्याच्या नावावर आणि चूक हिच्या. नाव घ्यायच्या वेळी माणूस पुढे, निस्तरायच्या वेळी 'हे तुझं ना?' किती सहज लिहिलं होतं त्यानं, टपरीवर चहाचा कप पुढे सरकवावा तसं. त्याला ठाऊक होतं की हे तिचं आहे. म्हणजे ठाऊक नव्हतं म्हणून झालं असं म्हणायचीही सोय त्यानं ठेवली नव्हती.

झालं होतं ते एवढंच. महिन्याभरापूर्वी योगीराजनं पुस्तकाच्या सगळ्या फाइलींची साफसफाई केली होती. कुणी ओळी टॅबनं आत सरकवलेल्या, कुणी स्पेसनं, कुणाच्या ओळींच्या शेवटी न दिसणाऱ्या स्पेसेस लोंबत राहिलेल्या, कुठे एका कोऱ्या ओळीच्या जागी तीन, आणि ओळ संपल्याची न दिसणारी खूणही फाइलीफाइलीत वेगळी. त्यानं एक यंत्र फिरवलं आणि सगळं एका मापात आणलं. सोबत शेरा लिहिला, 'फक्त मोकळ्या जागा नीट केल्या. मजकुरात काहीही बदल नाही.' यात खोटं काही नव्हतं. एक अक्षर बदललं नव्हतं. पण ओळीच्या शेवटची एक स्पेस काढली तरी यंत्राच्या लेखी ती ओळ नवी होते आणि जुना माणूस तिथून उठतो. साफसफाईला अपेक्षाचा विरोध नव्हता. तिच्या स्वतःच्या ओळींच्या शेवटी कचरा होता हे तिला माहीत होतं. विचार करताना तिचा अंगठा नकळत स्पेसवर पडायचा, एकदा, दोनदा, आणि वाक्य सुचलं की ती पुढच्या ओळीवर जायची. त्या स्पेसेस तिथेच राहायच्या. आता तिला वाटलं, म्हणजे जिथे जिथे ती थांबली होती, अडली होती, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत बसली होती, त्या सगळ्या जागा त्या फाइलीत होत्या, कुणाला दिसत नव्हत्या तरी होत्या. त्याही गेल्या. हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून तिनं ते स्वतःलाही पुरतं सांगितलं नाही, पण राग मात्र तिथूनच वर चढत राहिला.

काय काय होतं त्या प्रकरणात. एक अख्खा भाग होता, बॅकअप चालू असताना वीज गेली तर काय करायचं. पुण्यातल्या कुणाला तो सुचला नव्हता, कारण तिथे मशिनींना विजेची काळजीच नसते. इथे मे महिन्यात दुपारी वीज जायची, पंखा गरगरत मंद व्हायचा, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मान टाकायची आणि काढायला घेतलेली प्रत अर्ध्यात तुटायची. पहिल्यांदा तुटली तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा तिला कळलं की हे लिहायला पाहिजे. मग ती मुद्दाम वायर उपटून बघायची. प्रत सुरू करायची, उपटायची, काय उरलं ते तपासायची, परत जोडायची. आई दारात येऊन म्हणायची, "कामून मोडायलीस गं चांगली चीज?" आणि ती म्हणायची, "मोडून बघायलेय आई, मोडली तर नीट कशी करायची ते." आता जगात कुठे कुठे लोक तो भाग वाचतात, त्याखाली आभार मानून जातात. उदाहरणांसाठी जे तक्ते लागतात त्यात तिनं आपलीच गावं घातली होती, पूर्णा, जिंतूर, मानवत, सेलू, पाथरी, आणि त्यांच्यापुढे कापसाची आवक. कुठल्या तरी परदेशातला माणूस जिंतूरची आवक शोधायला शिकतोय या कल्पनेनं ती एकटीच हसली होती. योगीराज मूळचा जिंतूरचा. त्यानं ते वाचलं तेव्हा नुसतं 'नाइस' असं लिहिलं होतं.

तिनं त्याला फोन लावला. आवाज शांत ठेवायचा हे आधी ठरवलं.

"योगीराज, त्या साफसफाईत परत उभं करण्याच्या उदाहरणातल्या सेटिंगच्या ओळी डावीकडे ओढल्या गेल्या आहेत. तिथे त्या आत सरकलेल्या असणं गरजेचं आहे. म्हणून त्या दवाखान्याचं चालत नाहीये."

"अच्छा? मग दे ना चार-चार स्पेस. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि समासात सगळीकडे तुझं नाव आलंय."

तो हसला, वाईट हसला नाही, मोकळेपणानं हसला. "ते येतंच गं. यंत्र आहे ते. मजकूर तुझाच आहे, सगळ्यांना माहितीये."

"कुणाला?"

"अगं, सगळ्यांना. तू पण ना अपेक्षा. चल, मीटिंगला भेटू."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या आवाजाची चीड आली. 'असणं गरजेचं आहे.' 'चालत नाहीये.' किती स्वच्छ. कंपनीत लागली तेव्हा पहिल्या महिन्यात ती मीटिंगमध्ये म्हणाली होती, मी ते करायलेय, आणि पडद्यावरच्या चौकटींतून दोन-तीन जण प्रेमानं हसले होते, एकीनं परत म्हणून दाखव असंही म्हटलं होतं, किती गोड. त्या दिवसापासून तिनं आपलं बोलणंही घासून पुसून घेतलं. हाय गेलं, न्हाई गेलं, लय गेलं. योगीराजचं तर तिच्याही आधी गेलेलं. दोघं एकाच जिल्ह्यातले, जिंतूरच्या स्टँडवर उतरले तर एकाच टपरीचा चहा पिणारे, आणि फोनवर एकमेकांशी असं बोलतात की जसा दोघांचाही जन्म पुण्याचा. दवाखान्याची नोंदणी बंद होती. रांगेत माणसं उभी असतील, कुणाच्या कडेवर तापलेलं लेकरू असेल. तिनं रागारागानं उदाहरण काढलं, ओढल्या गेलेल्या ओळी आत सरकवल्या, स्वतः चालवून बघितलं, चाललं. दवाखान्याच्या माणसाला माफी मागून कळवलं. हो, माफीही तिनंच मागितली. मग सवयीनं समास बघितला. योगीराज, योगीराज, योगीराज, मधे चार ओळी अपेक्षा, खाली परत योगीराज. सबंध प्रकरणात तिच्या नावावर आता चार ओळी होत्या, आणि त्यांच्यात तिनं टाकल्या होत्या त्या नुसत्या मोकळ्या जागा.

आई चहा घेऊन आली. कुसुमबाईंचे गुडघे दुखतात, पण कप टेबलावर ठेवून त्या लगेच जात नाहीत, लेकीच्या तोंडाकडे बघतात. "कव्हाची बगायलीस त्या डब्याकडं. काय झालं?"

"काही नाही."

"काही न्हाई तर थोबाड कामून असं झालंय?"

अपेक्षानं सांगितलं. फाइल, ओळी, मोकळ्या जागा, नाव. मधेच तिला वाटलं की हे आईला कळणार नाही, आणि अर्ध्यावर सोडून द्यावं. पण कुसुमबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मंजी कल्हईवाल्यावानी केलं म्हन की."

अपेक्षा तेव्हा सातवीत असेल. वडील धम्मपाल रेल्वेत गँगवर, रूळ सांभाळणाऱ्या टोळीत, होते आणि घरचे सगळे पूर्णेला राहायचे, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत, जिथे रात्रंदिवस इंजिनं शिट्ट्या मारत डबे जोडायची आणि पाहुणे आले तर झोपू शकायचे नाहीत. वस्तीतल्या बायकांनी विहारासाठी पितळेची मोठी पातेली घेतली होती. खुरपणीला जायच्या त्या, आणि प्रत्येकीनं आपल्या मजुरीतून जमेल तसं बाजूला टाकत, वर्ष-दीड वर्ष टाकत, बुद्धपौर्णिमेच्या जेवणाला भाड्यानं भांडी आणायची वेळ येऊ नये म्हणून घेतलेली. पातेली इतकी मोठी की अपेक्षा एकात बसू शकायची, बसलीही होती. तीन-चार वर्षांनी आतली कल्हई गेली. वस्तीच्या एका पुढाऱ्यानं स्वतःहून ती कल्हईला नेली, खर्च माझा म्हणाला, बायका खूश झाल्या. पातेली परत आली ती आरशासारखी होऊन, आणि बाहेरून प्रत्येकाच्या काठाखाली टिंबाटिंबांनी त्याचं नाव. यांच्यातर्फे सप्रेम. बायकांचं नाव आधीही नव्हतं. सगळ्यांचीच, म्हणून कुणाचंच घातलं नव्हतं. काठ मोकळा होता म्हणून त्यानं घातलं. अपेक्षाला अजून आठवतं, विहाराच्या ओट्यावर आई उभी होती, डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि ती ओरडत नव्हती, नेहमीच्याच आवाजात बोलत होती. "कल्हई तुमची. पातेलं आमचं. नाव खोडा, न्हाईतर आमी ह्याच्यात रांधत नसतो." पुढारी म्हणाला, अहो बाई, मनात तर सगळ्यांना माहीत आहे कुणाचं ते. त्या वर्षी बायकांनी घराघरातली लहान पातेली आणली आणि अंगणभर चुली मांडून रांधलं. मोठी पातेली भिंतीशी पालथी पडून होती.

"मग खोडलं का गं त्यानं?" अपेक्षानं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"कुठलं खोडायलाय. अजून हाय." कुसुमबाई दाराकडे वळल्या. "पर मी बोलले होते. लहान पोराला बी म्हाईत हाय तिथं, पातेलं कुनाचं ते. च्या पी, निवायलाय."

दुपारी मीटिंग होती. निकिता पुस्तकाच्या सगळ्या कामाची प्रमुख, हुशार बाई, वेळेची पक्की, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती आणि आता प्रत्येक प्रकरणाला एक मेंटेनर असणार होता, म्हणजे त्या प्रकरणात काय राहील, काय जाईल हे ज्याच्या शब्दावर ठरेल असा माणूस. निकितानं सांगितलं की वाद नको म्हणून सरळ हिशेब यंत्रावर सोपवलाय. ज्याच्या नावावर प्रकरणातल्या सगळ्यात जास्त ओळी, तो मेंटेनर. पडद्यावर यादी आली. बॅकअपपुढे योगीराज. जवळजवळ सगळ्याच प्रकरणांपुढे योगीराज. कुणीतरी गमतीत म्हणालं, योगीराज, तू कधी लिहिलंस रे एवढं, आणि सगळे हसले, योगीराजही हसला, आणि हसून झाल्यावर यादी तशीच राहिली. अपेक्षानं वाट बघितली. तो बोलेल. आता बोलेल. सगळ्यांना माहितीये म्हणाला होता ना, मग हे सगळेच इथे बसलेत, यांच्यासमोर एक वाक्य. एवढंच. 'बॅकअपचं अपेक्षाचं आहे.' हे म्हणायला किती श्वास लागतो? योगीराजनं घसा साफ केला आणि म्हणाला, "ठीक आहे, मी बघतो बॅकअपचं. तसं चांगलंच झालंय ते. फक्त ती उदाहरणातली गावांची नावं बदलून घेईन म्हणतो. बाहेरच्या लोकांना उच्चारता येत नाहीत. एखादं सोपं, कुठलंही चालेल असं काहीतरी टाकू. आणि अपेक्षा आहेच मदतीला."

मदतीला. जिंतूरचा माणूस जिंतूर काढणार होता, आणि ती मदतीला होती. तिला आठवली ती भिंतीशी पालथी पडलेली पातेली, आणि काठाखालची ती टिंबं बोटाला कशी खरखरीत लागायची तेही. तिनं माइक सुरू केला.

"ते मी लिवलंय," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिच्या लक्षात आलं की तो पुसायचा राहिला. पडद्यावर कुणी हसलं नाही. तिनं तो सुधारला नाही.

"पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी लिवलंय. योगीराजनं स्पेस काढल्या. ह्या महिन्याभरात त्या प्रकरणात त्यानं एक शब्द घातलेला न्हाई. आज सकाळी एका दवाखान्याचं काम बंद पडलं होतं, त्या साफसफाईनं. ते पण मीच नीट केलं, आणि माफी पण मीच मागितली."

"अपेक्षा, थांब जरा," निकिता म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, समजूत घालायच्या तयारीचा. "तो बदल मीच मंजूर केला होता. मी स्वतः बघितलं होतं. काहीच बदललेलं दिसलं नाही."

"स्पेसमधले बदल लपवा, ही खूण करून बघितलं होतं का?"

सगळेच तसं बघतात. मोकळ्या जागांचा बदल तपासायला आला की आधी त्या खुणेवर टिचकी मारतात, पान स्वच्छ कोरं होतं, आणि कोऱ्या पानाखाली 'छान' लिहून पुढे जातात. "हो," निकिता म्हणाली, "तसंच बघितलं होतं."

"मग जे केलं होतं तेच झाकून बघितलं तुमी. दिसंल कसं?"

योगीराज म्हणाला, थोडा दुखावून, "अगं पण एवढं काय त्यात. साफसफाईचा बदल वगळून नावं मोजायची सोय आहे. एका फाइलीत त्या बदलाचा नंबर टाकायचा, की समासात पहिली नावं परत दिसतात. एका ओळीचं काम आहे."

"तुला म्हाईत होतं हे?"

"सगळ्यांनाच माहितीये."

"मग टाकली कामून न्हाई ती ओळ?"

"कुणी म्हटलं नाही," योगीराज म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी खाली बसलं होतं.

निकितानं घाईनं धागा हातात घेतला. "हे बघा, गैरसमज झालाय, चूक कुणाचीच नाही. अपेक्षा, तू असं कर, तूच टाक ती ओळ आज, मी लगेच मंजूर करते. मग यादी नवीन काढू." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, ते चौकटींतल्या खांद्यांवरून कळलं. किती सोपं होतं. दोन मिनिटांचं काम, तिच्या बोटांना येणारं, सकाळी दिलेल्या चार ओळींसारखंच. तिचा हात कीबोर्डपर्यंत गेलासुद्धा. सवयच तशी लागलेली, कुणी काही सांडलं की फडकं हिच्या हातात. मग तिनं हात मांडीवर घेतला आणि तिथेच दाबून धरला.

"न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई टाकणार. योगीराजनं टाकायची. आणि आता टाकायची, मीटिंगमध्येच. मी बसलेय."

योगीराजच्या चौकटीत त्याचं खाली झुकलेलं कपाळ दिसत होतं, तो टाइप करत होता की नुसता खाली बघत होता ते कळत नव्हतं. स्वयंपाकघरातून कुसुमबाई आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. "कुनाशी बोलायलीस गं एवढ्या मोठ्यानं?"

माइक चालूच होता. अपेक्षानं तो बंद केला नाही.

"हापिसात, आई."

"आयकलं का त्यांनी?"

अपेक्षानं पडद्याकडे बघितलं, एकेका चौकटीकडे, सावकाश.

"आयकायलेत," ती म्हणाली.